बहुमताचा चंद्र

"ही दुर्बीण उतरवून घ्या, बाई," डुबल साहेब म्हणाले आणि हातातलं पितळी कुलूप त्यांनी गच्चीच्या कडीला लावून बघितलं. ते बरोबर बसलं. त्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते काढून पुन्हा एकदा लावलं.

आम्ही तिघं जिन्यात उभे होतो. मी, माझ्यामागे तेरा वर्षांची स्वानंदी आणि तिच्याहून वर्षाने लहान असलेला झैद. दुर्बीण वर चढवायला आलो होतो, आणि समोर हे.

"समितीचा ठराव झालाय," साहेब म्हणाले. "गच्ची बंद."

"ठरावाला कोण कोण होतं?" मी विचारलं.

"मी होतो."

शिवाजीराव डुबल म्हणजे आमच्या कृष्णाई सहकारी गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष. साखर कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, आणि संस्थेत बारा वर्षं बिनविरोध निवडून येत असलेले. बिनविरोध अशासाठी, की ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. पण ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली नव्हती. माणूस वाईट नव्हता. फक्त एका जागी थांबायचा नाही. टँकर आला की टँकरपाशी, तिथून फाटकाशी, फाटकातून कुणाची स्कूटर वाकडी लागलीय ती सरळ करायला. सांगलीच्या उन्हाळ्यातसुद्धा ते चालत असले की त्यांच्याभोवती वारा सुटायचा.

"कारण काय पण?" मी म्हटलं.

"मागल्या वर्षी ह्या पोरांनी आमच्या घरच्या कुरडया तुडवल्या."

"आम्ही नाही तुडवल्या, काका," झैद म्हणाला.

"मग काय चंद्रानं तुडवल्या?"

स्वानंदीने विचारलं, "काका, मग आम्ही चंद्र बघायचा कुठून?"

"खिडकीतून बघा."

"आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं न्हाणीघर दिसतं," स्वानंदी म्हणाली.

ही पोरं तीन वर्षं माझ्यामागे गच्चीवर येत होती. शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, आणि फंडातून ही दुर्बीण घेतली. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत माझं जेवण होतं, त्यामुळे पुढची सगळी संध्याकाळ आकाशाला मोकळी. स्वानंदी आल्या दिवशी कुणाशी बोलत नव्हती. शनीची कडी दिसल्यावर जी बोलायला लागली ती थांबलेली नाही. त्या गच्चीला कुलूप लागलं तर दुर्बीण माझ्या माळ्यावर जाणार, आणि पोरं पुन्हा मोबाइलमध्ये, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी मुद्दाम विषय बदलला. "स्मरणिकेचं कुठवर आलं, साहेब?"

संस्थेला त्या मे महिन्यात पंचवीस वर्षं पुरी होत होती. स्मरणिका हा साहेबांचा हळवा विषय.

"मुखपृष्ठ अडलंय," ते कुलूप खिशात टाकत म्हणाले. "माझ्या डोक्यात फोटो तयार आहे. गच्चीवर मी उभा. शेजारी पाण्याची टाकी, तिच्यावर संस्थेचं नाव. आणि मागं हा एवढा पुनवेचा चंद्र. फोटोवाला म्हणतो, तुम्ही नुसते उभे राहा, चंद्र मी कॉम्प्युटरवर चिकटवतो. मी म्हटलं, चालता हो. पंचवीस वर्षांत ह्या संस्थेत एक खोटी पावती फाटलेली नाही आणि मुखपृष्ठावर खोटा चंद्र?"

"खरा काढून देऊ आम्ही," स्वानंदी म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"होईल," मी म्हटलं. "पण मग गच्ची पोरांची."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुर्बीण माळ्यावर."

"ठरलं," साहेब म्हणाले आणि खिशातल्या कुलपावर थाप मारून खाली गेले, कारण खाली कुणीतरी गाडी वाकडी लावली होती.

चंद्र मोठा दिसायला हवा असेल तर माणसापासून लांब जावं लागतं. माणूस लांब गेला की लहान होतो, चंद्र आहे तेवढाच राहतो. त्यासाठी आमची ब इमारत सोयीची होती. मैदानाच्या पलीकडे, तेवढीच उंच. तिच्या गच्चीवरून माझ्या जावयाचा लांब पल्ल्याचा कॅमेरा लावायचा, समोर अ इमारतीच्या गच्चीवर साहेब उभे करायचे, आणि त्यांच्या मागे उसाच्या शेतांतून चंद्र वर यायची वाट बघायची.

अडचण एकच होती. हवा. एप्रिलमध्ये दिवसभर तापलेल्या गच्चीवरून संध्याकाळी वाफा निघतात. आम्ही एक फोटो काढून बघितला तर समोरची टाकी उकळत्या पाण्यातून बघावी तशी आली होती.

"चंद्र तर भजं दिसेल," झैद म्हणाला.

मी पोरांना घरी नेलं आणि बटरपेपर काढला. मागच्या पौर्णिमेला दहा मुलांनी दुर्बिणीतून बघून त्यावर चंद्र काढले होते, प्रत्येकाचा वेगळा कागद. प्रत्येकात काहीतरी चुकलं होतं. कुणाचा डाग मोठा, कुणाचा चंद्र लांबट, झैदने तर मध्येच एक विमान काढलं होतं. ते सगळे कागद मी एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले.

पोरं जवळ आली. उजेडात दहा चंद्रांचा एक झाला होता. जे डाग सगळ्यांना दिसले होते ते गडद, जे एकेकट्याचे होते ते पुसट.

"माझं विमान कुठाय?" झैदने विचारलं.

"तू एकट्यानेच बघितलंस ना ते."

"पण होतं, बाई. खरंच होतं."

"असेल. पण ते थांबलं नाही."

मी त्यांना सांगितलं की आपण असेच फोटो काढायचे. एक नाही, भराभर दोनशे. वाफ प्रत्येक फोटोत वेगळीकडे हलवते, पण चंद्र आपल्या जागी असतो. फोटो एकावर एक रचले की हलणं एकमेकांत जिरतं आणि खरं ते उरतं. जुन्या पद्धतीत सगळ्या फोटोंची नुसती सरासरी काढत. स्वानंदीने त्या सुट्टीत एक नवा प्रोग्राम मिळवला होता. तो आधी चांगले फोटो निवडायचा, चंद्र चंद्रावर आणि टाकी टाकीवर नीट बसवायचा, आणि मग फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी चक्क मतदान घ्यायचा. बहुतेक फोटोंत त्या जागी जे असेल ते ठेवायचं. वेगळं काही म्हणणारा फोटो त्या ठिपक्यापुरता बाद.

"म्हणजे बहुमत," स्वानंदी म्हणाली.

"बहुमत," मी म्हटलं. आमच्यापैकी कुणीच तेव्हा पुढचा विचार केला नाही.

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी आम्ही ब इमारतीच्या गच्चीवर होतो. समोर साहेब आले. उन्हाळ्यात जोधपुरी कोट, कोटावर कारखान्याचा बिल्ला, केस पाणी लावून बसवलेले. कॅमेऱ्यातून ते कठड्याच्या गजांमागे नीट दिसत होते. टाकीवर 'कृष्णाई' हे नाव ताजं रंगवलेलं होतं. आणि टाकीच्या अलीकडे, जुन्या नऊवारीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला साहेबांच्या पत्नी, शालनवहिनी, आल्या होत्या.

साहेबांचा हात हलताना दिसला. मग त्यांचा फोन आला. "बाई, हिला कुरडया काढायच्यात. मी सांगितलंय, माझा फोटो होईपर्यंत तिथंच कोपऱ्यात बस आणि अजिबात हलू नको. उगीच मधे यायला नको."

"बरं केलंत. तुम्हीही हलू नका. मिनिटभरच."

"मी कशाला हलतोय?"

उसाच्या शेंड्यांवर तांबूस कड आली. झैद म्हणाला, "आला." स्वानंदीने बटण दाबलं आणि कॅमेरा टकटक करायला लागला.

साहेबांनी कोट खाली ओढला. मग कॉलर. मग मागे वळून चंद्र आला का ते बघितलं. मग आमच्याकडे वळून हातानेच विचारलं, झालं?

मी फोन लावला. "साहेब, उभे राहा."

"उभाच आहे. झालं?"

"फोन खाली ठेवा. हात खाली."

त्यांनी हात खाली घेतला. तेवढ्यात मैदानात कुणीतरी चेंडू मारला आणि साहेब कठड्याशी वाकून त्याला काहीतरी म्हणाले. परत आले ते टाकीच्या डाव्या बाजूला.

"उजवीकडे होते ना हे?" स्वानंदी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली.

"काका," झैद तोंडाशी हाताचा कर्णा करून ओरडला, "पुतळा व्हा, पुतळा."

साहेबांना पुतळा एवढंच ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी उजवा हात वर करून पुढची दिशा दाखवली. तसे ते चांगले दोन-तीन सेकंद राहिले. मग त्यांना शिंक आली. मग त्यांनी कंगवा काढला. मग त्यांचा फोन वाजला. आमचा नव्हता, पण त्यांनी तो घेतला आणि आमच्याकडे पाठ करून येरझारा घालत बोलत राहिले. चंद्र टाकीच्या शेजारी आला, टाकीच्या वर गेला, आणि आपलं आपण वर चढत राहिला.

फोन परत आला. "झालं?"

"झालं, साहेब," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावर स्वानंदीने दादाचा लॅपटॉप उघडला. प्रोग्राम बराच वेळ गुरगुरत होता. मग चित्र आलं, आणि आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो.

असा चंद्र मी माझ्या आयुष्यात काढलेला नव्हता. उगवताना असतो तसा किंचित दबलेला, केशरी, पण डागांच्या कडा शाईने काढल्यासारख्या. उजव्या बाजूला टायको नावाचं विवर आणि त्यातून फाकलेले पांढरे पट्टे. टाकीवरच्या 'कृष्णाई'ची वेलांटीसुद्धा स्वच्छ. सारवलेल्या भिंतीसारखी शांत हवा.

स्वानंदीचे डोळे भरून आले होते. ती ते कुणाला दिसू देत नव्हती.

"बाई," झैद म्हणाला, "डुबल काका कुठायत?"

आम्ही शोधलं. टाकीच्या उजवीकडे नव्हते. डावीकडे नव्हते. कठडा पहिल्या गजापासून शेवटच्या गजापर्यंत मोकळा होता. बारा वर्षं बिनविरोध निवडून आलेला माणूस पहिल्याच मतदानात पडला होता. एकाही जागी त्यांना बहुमत मिळालं नव्हतं.

"जुन्या पद्धतीने करून बघ," मी म्हटलं.

स्वानंदीने सरासरी काढली. आता साहेब होते. म्हणजे टाकीच्या दोन्ही बाजूंना धूर होता, त्या धुरात सातआठ हात होते, एक कंगवा होता, आणि डोकं नव्हतं.

झैद खुर्चीवरून खाली बसला आणि पोट धरून हसला. स्वानंदी हसत नव्हती.

"एका फोटोतले काका कापून ह्यात लावू," ती म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"चिकटवलेला चंद्र नको म्हणाले ते," मी म्हटलं.

"चंद्र खराच आहे. काका चिकटवायचे."

"स्वानंदी."

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "गच्ची जाईल, बाई."

"जाईलही," मी म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही फोटो मोठा छापून डुबलांकडे नेला. साहेबांनी पोरांना पोहे दिले आणि स्वतः चष्मा पुसला. कुलूप टीपॉयवर वर्तमानपत्राच्या घडीवर होतं.

साहेबांनी फोटो हातात घेतला. "वा," ते म्हणाले. "वा वा. काय चंद्र आहे." मग त्यांनी फोटो जवळ आणला. मग लांब धरला. मग मागची बाजू बघितली.

"मी कुठाय?"

झैद तोंडातले पोहे गिळून म्हणाला, "काका, तुम्ही अल्पमतात गेलात."

स्वानंदीने सगळं समजावून सांगितलं. मी शिकवलं त्याहून चांगलं. प्रत्येक ठिपक्याचं मत कसं घेतात, जे थांबतं ते कसं निवडून येतं. साहेब ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सर्वसाधारण सभेतल्यासारखा होत होता.

"म्हणजे दोनशे फोटोंत मी आहे," ते म्हणाले, "आणि दोनशे मिळून एकात नाही."

"हो, काका."

"आणि ही कोण?"

त्यांचं बोट फोटोच्या कोपऱ्यावर होतं. आम्ही साहेबांनाच शोधत होतो, त्यामुळे तिकडे नीट बघितलंच नव्हतं. टाकीच्या पायथ्याशी, कुरडयांच्या शेजारी, पालथ्या घातलेल्या घमेल्यावर शालनवहिनी बसल्या होत्या. हात गुडघ्यांभोवती. बांगड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. तोंड आमच्याकडे नव्हतं. त्या चंद्राकडे बघत होत्या, गालाची एक बाजू तेवढी उजेडात आली होती.

"शालन," साहेबांनी हाक मारली.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. फोटो बघितला. खूप वेळ बघितला.

"हलली नाहीस व्हय तू?" साहेबांनी विचारलं. आवाजात तक्रार होती.

"तुम्हीच म्हणालात, अजिबात हलू नको."

"तू माझं कधीपासून ऐकायला लागलीस?"

"तसं नव्हे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. "ह्या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली. चंद्र उगवताना कधी बघितलाच नव्हता. त्या वेळेला मी कायम भाकऱ्या थापत असते. एवढा तांबडा असतो हे ठाऊक नव्हतं. हलायचं सुचलंच नाही मला."

साहेबांनी कुलूप उचललं, परत ठेवलं. "ते काही का असेना. ठरल्याप्रमाणे फोटो माझा पाहिजे होता. तो आलेला नाही. आणि कुरडयांचं..."

"कुरडयांचं काय?" वहिनींनी विचारलं.

"पोरांनी तुडवल्या त्या."

"पोरांनी कुठं? तुम्हीच टाकी भरली का बघायला पळत गेला होता. पाऊल ओळखते मी तुमचं. बोलले नाही एवढंच."

झैदने पोह्यांच्या बशीत मान घातली. मी खिडकीबाहेर बघितलं. साहेब काही वेळ तसेच बसले, आणि मला वाटतं त्या सकाळी ते पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी बसले असतील.

"पुढल्या पुनवेला परत काढा," वहिनी मला म्हणाल्या. "ह्यांना मी उभं करते."

"आणि तेव्हाही नाही आला, तर कुलूप," साहेब म्हणाले. अध्यक्ष होते शेवटी.

वैशाख पौर्णिमेपर्यंत चंद्र उगवायची जागा दक्षिणेकडे सरकली होती, म्हणून कॅमेरा आम्ही गच्चीच्या उत्तरेच्या टोकाला नेला. स्वानंदी दुपारपासून काही खात नव्हती. छापखान्याची मुदत जवळ आली होती. त्याआधी दुसरी पौर्णिमा नव्हती.

समोर दोघं आली. साहेबांचा तोच कोट. एका खिशाला तो खाली लोंबत होता, म्हणजे कुलूप बरोबर आणलेलं होतं. त्यांनी आमच्याकडे तोंड करून पवित्रा घेतला. वहिनींनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना उलटं फिरवलं. साहेब परत फिरले. वहिनींनी परत फिरवलं.

फोन आला. वहिनींचा होता, पण मागून साहेबांचा आवाज ऐकू येत होता. "अगं, पाठ येईल माझी."

"येऊ दे," वहिनी त्यांना म्हणाल्या. "तोंड सगळ्या संस्थेनं बघितलंय." मग मला म्हणाल्या, "बाई, सुरू करा. ह्यांना मी चंद्राकडं तोंड करून ठेवलंय."

उसाच्या शेंड्यांवर कड तांबडी झाली. कॅमेरा टकटक करायला लागला. साहेबांचा उजवा हात कॉलरकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि हळूहळू खाली आला. खाली मैदानात पोरं ओरडत होती. एक स्कूटर फाटकात अगदी आडवी लागली. साहेब उभे होते.

"बाई," स्वानंदी कुजबुजली, "श्वास तरी घेतायत का?"

चंद्र त्यांच्या खांद्यापाशी आला, डोक्यापाशी आला, टाकीच्या वर गेला. शेजारी वहिनी उभ्या होत्या. आज कोपऱ्यात नव्हत्या.

"पुरे झाले," स्वानंदी म्हणाली आणि तिने बटण सोडलं. झैद कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवून बघत होता. प्रत्येकात त्याच जागी तीच पाठ. "आले काका," तो म्हणाला. "सगळ्यात आलेत. ह्या वेळी बिनविरोध."

मी साहेबांना फोन लावला. समोर त्यांच्या खिशात तो वाजत असणार. त्यांनी हात हलवला नाही. वाजून वाजून बंद झाला. मग मी वहिनींना लावला.

"वहिनी, झालं आमचं. फोटो मिळाला."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "बाई, कुलूप ह्यांनी मघाशीच मला दिलंय. खिसा ओढतोय म्हणाले. कुरडयांच्या डब्याला लावते आता, पोरं वर यायला लागली की लागेलच."

"आणि साहेबांना सांगा, झालं म्हणून. हलायला हरकत नाही."

समोर वहिनींनी मान वळवून साहेबांकडे बघितलं.

"थांबा जरा," शालनवहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांचं व्हायचंय अजून."